उद्यांच्या घरपट्टीवर आजचे रस्ते

शहर वाढूं लागलें कीं त्याच्या गरजा त्याच्या उत्पन्नाच्या पुढें धांवूं लागतात, हा अनुभव सर्व देशांतील नगरसंस्थांचा आहे. रस्ता आज हवा असतो, नळ आज हवे असतात, सांडपाण्याचा निचरा तर कालच व्हावयास हवा होता. परंतु त्यांसाठीं लागणारा पैसा मात्र रस्ता होऊन, नळ येऊन, त्यांच्या कडेनें घरें व दुकानें उभीं राहिल्यावर, म्हणजे दहा-वीस वर्षांनीं हातीं येणार असतो. हें मधलें अंतर कशानें भरून काढावयाचें? नवा कर बसवावा तर नागरिक रागावतात. कर्ज काढावें तर तें फेडण्यासाठीं पुन्हा करच बसवावा लागतो. या पेचांतून सुटण्याची एक युक्ति अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९५२ सालीं आपल्या राज्यघटनेंत दाखल केली. ज्या सुधारणेमुळें उद्यां घरपट्टीचें उत्पन्न वाढेल, त्या सुधारणेसाठीं तें वाढीव उत्पन्न आजच गहाण टाकावयाचें, अशी ती युक्ति होय. साठ वर्षें ती चालली; शेंकडों गांवांचें रूप तिनें पालटलें; आणि २०१२ सालीं त्याच राज्यानें ती आपल्या हातानें मोडून टाकली. तिच्या या जन्ममरणाची हकीकत कोणत्याही शहरांतील करदात्यानें समजून घेण्याजोगी आहे.

सार्वजनिक पैशानें झालेल्या सुधारणेमुळें खाजगी जमिनीची किंमत वाढते आणि त्या वाढीवर समाजाचा कांहीं हक्क पोंचतो, ही मूळ कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्क शहरानें मॅनहॅटन बेटाच्या मध्यभागीं मोठें उद्यान करण्याचें ठरविलें, तेव्हां तिचा ठळक उपयोग झाला. उद्यानाची जमीन घेण्याचा कायदा १८५३ सालीं झाला. जमिनीसाठीं सुमारें ५० लक्ष डॉलर लागले, व त्यांपैकीं जवळजवळ एकतृतीयांश रक्कम शेजारच्या जमीनमालकांवर, त्यांना होणाऱ्या लाभाच्या प्रमाणांत, आकारण्यांत आली. उरलेला भार कर्जावर पडला. हें कर्ज शहराला पेललें कीं नाहीं, याचा हिशेब उद्यानाच्या चालकांनीं दक्षतेनें ठेवला होता. उद्यानाच्या भोंवतालच्या तीन वॉर्डांतील मिळकतींची करासाठीं धरलेली किंमत १८५६ सालीं २ कोटी ६४ लक्ष डॉलर होती. ती १८७३ सालीं २३ कोटी ६० लक्षांवर गेली. या वाढाव्यावर मिळणारा कर कर्जाच्या व्याजाहून अधिक भरतो, तेव्हां उद्यान शहराला महाग तर पडलेंच नाहीं, उलट फायद्याचें झालें, असें त्याचे पुरस्कर्ते अभिमानानें सांगत.

हिशेब चोख होता. तथापि त्यांत दोन गोष्टी धरलेल्या नव्हत्या. पहिली अशी कीं, न्यूयॉर्क शहर त्या काळीं दक्षिणेकडून उत्तरेकडे वेगानें सरकत होतें. उद्यान झालें नसतें तरी त्या तीन वॉर्डांत घरें झालींच असतीं, आणि किंमतीही थोड्याफार चढल्याच असत्या. मग एकंदर वाढाव्यांतील उद्यानाचा वांटा किती आणि काळाचा किती? दुसरी अशी कीं, ती जमीन मोकळी नव्हती. सुमारें १,६०० माणसें तेथें राहत होतीं. १८२५ पासून वसत आलेलें सेनेका व्हिलेज नांवाचें खेडें तेथें होतें, व त्यांतील बरेच कृष्णवर्णी कुटुंबप्रमुख स्वतःच्या मालकीच्या घरांत राहत होते. १८५७ सालीं तें खेडें उठविण्यांत आलें. जमिनीची भरपाई मालकांना मिळाली. मोडलेल्या शेजाराची किंमत कोणत्याच रकान्यांत लिहिली गेली नाहीं. वाढ कोणामुळें झाली आणि तिच्यापायीं कोणाला उठावें लागलें, हे दोन प्रश्न पुढें शंभर वर्षांनीं कॅलिफोर्नियांत जसेच्या तसे पुन्हा उभे राहिले.

हीच मूळ कल्पना मुंबईंतही निराळ्या वाटेनें आली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९१५ च्या नगररचना कायद्यानें असें ठरविलें कीं, योजनेमुळें जमिनीची जी किंमत वाढेल तिच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून सुधारणेच्या खर्चासाठीं घेतां यावी. या पद्धतींत आणि कॅलिफोर्नियाच्या युक्तींत मोठा भेद आहे, आणि तो नीट लक्षांत घेतल्यावांचून पुढची हकीकत समजणार नाहीं. मुंबईच्या कायद्यांत ज्याला लाभ झाला त्याच्याच खिशांतून एक निराळी पट्टी घेतली जात असे. कॅलिफोर्नियांत कोणावरही निराळी पट्टी बसविली नाहीं. सर्वजण देतात तोच कर मालकानें द्यावयाचा. फक्त तो कोणाच्या तिजोरींत जाईल, तेवढें बदलावयाचें. म्हणूनच ही युक्ति लोकप्रिय झाली, आणि म्हणूनच तिचा खरा भार कोणावर पडतो हें पुष्कळ वर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास तिची रचना स्पष्ट होईल. समजा, शहराच्या जुन्या भागांतील कांहीं गल्ल्यांची मिळून एक हद्द आंखली. त्या वर्षीं हद्दींतील सर्व मिळकतींची करासाठीं धरलेली किंमत १ कोटी डॉलर आहे, आणि कर शेंकडा एक या दरानें १ लक्ष डॉलर येतो. हा लक्ष डॉलर नगरसंस्था, कौंटी म्हणजे जिल्हा, शाळामंडळें आणि पाणी, अग्निशमन इत्यादि लहान मंडळें यांच्यांत ठरलेल्या प्रमाणांत वांटला जातो. हद्द आंखली त्या दिवशीं ही १ कोटीची मूळ आकारणी गोठविली जाते. पुढें रस्ते झाले, जुन्या चाळींच्या जागीं नव्या इमारती झाल्या, आणि दहा वर्षांनीं किंमत ३ कोटींवर गेली. कर आतां ३ लक्ष येतो. त्यांतील पहिला लक्ष पूर्वींप्रमाणेंच सर्वांत वांटला जातो. वरचे २ लक्ष मात्र एकट्या नवरचना मंडळाकडे जातात. हा झाला वाढाव्याचा कर. मंडळ पहिल्याच वर्षीं या भावी उत्पन्नाच्या तारणावर कर्जरोखे विकतें, त्या पैशानें जमिनी घेतें, रस्ते व गटारें बांधतें, आणि मग तीस-चाळीस वर्षें वाढाव्यांतून कर्ज फेडीत राहतें. जोंपर्यंत कर्ज आहे तोंपर्यंत वाढावा मंडळाचा. कर्ज फिटलें कीं सर्व उत्पन्न पुन्हा सर्वांचें. नियम असा सरळ होता. परंतु त्यांतच एक खोंच होती: ज्या मंडळाला वाढावा हवा आहे त्यानें कर्ज कधीं फिटूं देऊं नये, हेंच त्याच्या सोयीचें होतें.

कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळानें नवरचनेचा पहिला कायदा १९४५ सालीं केला. महायुद्धाच्या काळांत त्या राज्यांत कारखाने व माणसें यांची एकच गर्दी झाली होती, आणि शहरांचे जुने मध्यभाग जीर्ण झाले होते. १९४९ सालीं मध्यवर्ती सरकारनें गृहरचनेचा मोठा कायदा करून असें जाहीर केलें कीं, गलिच्छ वस्त्या पाडून जमीन नव्या बांधकामाला देतांना जो तोटा येईल, त्याचा दोनतृतीयांश भाग मध्यवर्ती सरकार सोशील. उरलेला एकतृतीयांश शहरानें सोसावा. आतां हा एकतृतीयांश आणावयाचा कोठून? राज्याच्या घटनेप्रमाणें नगरसंस्थेला करांच्या तारणावर कर्ज काढावयाचें तर मतदारांच्या दोनतृतीयांश बहुमताची संमति लागे, आणि ती मिळविणें सोपें नव्हतें. १९५१ च्या कायद्यानें वाढाव्याची तजवीज केली व १९५२ च्या नोव्हेंबरांत मतदारांनीं अठरावा प्रस्ताव संमत करून तिला घटनेंत जागा दिली. वाढाव्याच्या तारणावरील कर्ज हें नगरसंस्थेचें सामान्य कर्ज नव्हे, मंडळाचें कर्ज. सबब त्यासाठीं मतदारांना विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

या सवलतीचा अर्थ काय, हें राज्याची राजधानी सॅक्रॅमेंटो हिनें लौकरच दाखवून दिलें. तेथें कायदेमंडळाच्या भव्य इमारतीपासून नदीवरील पुलापर्यंतचा भाग वेस्ट एंड या नांवानें ओळखला जाई. त्यांत स्वस्त भाड्याच्या खोल्या, मजुरांचे अड्डे, लहान दुकानें, आणि जपानी, मेक्सिकन, कृष्णवर्णी अशा नाना लोकांच्या वस्त्या होत्या. तेथील जपानी कुटुंबांना १९४२ सालीं युद्धाच्या भयानें घरेंदारें सोडून सरकारी छावण्यांत जावें लागलें होतें. युद्ध संपल्यावर तीं परतलीं, दुकानें पुन्हा उघडलीं, संसार पुन्हा मांडले. तोंच त्यांची आळी नवरचनेच्या हद्दींत आली. १९५४ सालीं शहराच्या मतदारांपुढें या कामाच्या कर्जाचा प्रश्न ठेवला, तेव्हां आवश्यक बहुमत मिळालें नाहीं. परंतु योजना थांबली नाहीं. जें मतदारांनीं दिलें नाहीं तें वाढाव्याच्या तारणावर उभें करण्यांत आलें. जुनी वस्ति पाडली गेली, आणि तिच्या जागीं रुंद मार्ग व दोहों बाजूंस कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आकारणीच्या दृष्टीनें पाहतां ही योजना सफल झाली. अवघ्या कांहीं वर्षांत दुसऱ्यांदा उठविल्या गेलेल्या कुटुंबांच्या दृष्टीनें तिला काय म्हणावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

लॉस अँजेलिस शहरांत हीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. बंकर हिल नांवाच्या टेकडीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांनीं नक्षीदार लांकडी वाडे बांधले होते. टेकडी चढण्याचे श्रम वांचावे म्हणून १९०१ सालीं एंजल्स फ्लाइट नांवाची दोरानें ओढली जाणारी चिमुकली आगगाडी सुरू झाली. पुढें श्रीमंत दूर राहावयास गेले, वाड्यांच्या खोल्या पडल्या, आणि त्यांत निवृत्तिवेतनावर जगणारे म्हातारे व थोड्या मिळकतीचे लोक भाड्यानें राहूं लागले. १९५९ सालीं नगरसभेनें टेकडीच्या नवरचनेस संमति दिली. हजारों माणसें हालविण्यांत आलीं, बहुतेक सर्व वाडे पाडले गेले, टेकडीचा माथाही छाटला गेला. १९६९ सालीं ती चिमुकली गाडीही बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली १९९६ सालीं, थोडी बाजूला सरकून. पाडापाडीनंतर बरीच जागा वर्षानुवर्षें मोकळी पडून होती. नंतर मात्र तेथें गगनचुंबी इमारती, संग्रहालय व संगीतगृह झालें, आणि कराचें उत्पन्न अनेक पटींनीं चढलें.

या यशामुळें शहराच्या मंडळानें १९७५ सालीं शेजारच्या व्यापारी भागासाठीं त्याहून मोठी हद्द आंखली. तेव्हां नगरसभेचे एक सभासद एर्नानी बर्नार्डी न्यायालयांत गेले. शहराचा सर्वांत सधन भाग आपल्या कराचा सारा वाढावा आपल्यापाशींच ठेवूं लागला, तर बाकीच्या शहरानें पोलीस, शाळा व दवाखाने कशावर चालवावे, असा त्यांचा रोंख होता. १९७७ सालीं तडजोड होऊन त्या हद्दींतून मंडळानें एकंदर ७५ कोटी डॉलरहून अधिक वाढावा घेऊं नये, असें बंधन पडलें. वाढावा म्हणजे आकाशांतून पडलेलें धन नव्हे, तो कोणाच्या तरी पानांतून उचललेला घांस असूं शकतो, ही जाणीव या खटल्यानें प्रथम लोकांपुढें स्पष्टपणें आली.

त्यानंतर एकाच वर्षानें, १९७८ च्या जूनमध्यें, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं तेरावा प्रस्ताव संमत केला, आणि मालमत्तेच्या कराचा सारा डावच बदलला. करास शेंकडा एकची मर्यादा घालण्यांत आली. मिळकतीची आकारणी वर्षाला शेंकडा दोनपेक्षां अधिक वाढवूं नये; ती विकली गेली किंवा तिच्यावर नवें बांधकाम झालें तरच बाजारभावानें आकारावी, असें ठरलें. पूर्वीं एखाद्या हद्दींतील वाढावा मंडळानें घेतला तर शाळामंडळ आपला दर थोडा चढवून तूट भरून काढी, म्हणजे तो भार शेजारच्या करदात्यांवर पडे. आतां दर चढविण्याचा मार्ग बंद झाला. शाळांना किमान ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे, अशी जबाबदारी राज्यानें उचललेली असल्यामुळें ही तूट सरळ राज्याच्या तिजोरीवर येऊं लागली.

नगरसंस्थांच्या हें लौकरच ध्यानांत आलें. शेंकडा एक करांतील फार लहानसा वांटा नगरसंस्थेच्या पदरीं पडतो. परंतु तीच जागा नवरचनेच्या हद्दींत घातली, तर वाढाव्याचा बहुतेक भाग गांवच्या मंडळाकडे येतो. आणि बहुतेक गांवांत नगरसभेचे सभासद हेच मंडळाचे सभासद होते. खुर्च्या त्याच, माणसें तींच. फक्त दारावरील पाटी बदलावयाची, कीं शाळांचा आणि जिल्ह्याचा वांटा गांवांत राहतो. अर्थात् राज्यभर हद्दी वाढत गेल्या. १९७७-७८ सालीं राज्यांतील मालमत्ता-कराचा सुमारें शेंकडा २ भाग मंडळांकडे जात असे. पुढें तीस वर्षांत तो शेंकडा १२ झाला. मंडळांची संख्या चारशेंच्या घरांत गेली, व त्यांचें वार्षिक उत्पन्न ५०० कोटी डॉलरच्या वर पोंचलें.

कायद्यानें एक अट मात्र घातली होती. ज्या भागाला अवकळा आली आहे, तोच भाग हद्दींत घेतां यावा. परंतु अवकळा म्हणजे काय? पडकीं घरें, रोगराई, गुन्हे यांपासून शब्द सुरू झाला, आणि गांवोगांवच्या सभागृहांत तो रबरासारखा ताणला गेला. नॅशनल सिटी नांवाच्या गांवानें बाजारपेठ उभारण्यासाठीं चक्क एका गोल्फच्या मैदानाला हद्दींत घेतलें होतें. १९७६ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्या योजनेंतील अवकळेचा निष्कर्ष टिकत नाहीं, असा निर्णय दिला. निर्णय झाला, पण मोह सुटला नाहीं. रिकाम्या माळावर मोटारींच्या विक्रीची दुकानें वसविण्यासाठीं पैसा देण्याची चाल इतकी वाढली कीं, १९९३ सालीं कायदा करून तिला आळा घालावा लागला. अवकळेची व्याख्याही त्याच कायद्यानें आवळली. २०११ सालीं राज्याच्या हिशेब-अधिकाऱ्यांनीं अठरा मंडळांची तपासणी केली, तेव्हां पाम डेझर्ट येथील मंडळानें एका ऐषआरामी गोल्फ-मैदानाची डागडुजी आपल्या योजनेंत घातल्याचें आढळलें. अशा रीतीनें पस्तीस वर्षांनीं गाडी फिरून पुन्हा गोल्फच्या मैदानावरच आली.

या पद्धतीच्या सर्व फळांना किडकें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. १९७६ च्या कायद्यानें वाढाव्याचा पांचवा हिस्सा गरीब व मध्यम स्थितीच्या लोकांच्या घरांसाठीं राखून ठेवावयास लावला, आणि कित्येक वर्षें राज्यांत अशा घरांना मिळणाऱ्या पैशाचा तो एक मोठा झरा होता. सॅन फ्रान्सिस्को शहरांतील मिशन बे हें तर या युक्तीचें उत्तम उदाहरण म्हणतां येईल. तेथें रेल्वेच्या ओसाड पडलेल्या यार्डांची सुमारें ३०० एकर जमीन होती. तिच्यावर रस्ते नव्हते, गटारें नव्हतीं, आणि कोणाची वस्तिही नव्हती. १९९८ सालीं तिची योजना संमत झाली. वाढाव्यांतून रस्ते, बागा व भुयारी गटारें करण्याची सोय झाली. विद्यापीठाचें वैद्यकीय केंद्र आलें, सुमारें ६,००० घरांची आंखणी झाली व त्यांतील बरींच स्वस्त दराचीं ठरविण्यांत आलीं. येथें वाढ सुधारणेमुळेंच झाली असें ठामपणें म्हणतां येतें, कारण सुधारणेपूर्वीं तेथें रूळ व माती यांखेरीज कांहीं नव्हतें. आणि येथें कोणाला उठावेंही लागलें नाहीं. न्यूयॉर्कच्या उद्यानाच्या हिशेबांत जे दोन प्रश्न सुटले होते, त्या दोहोंचेंही उत्तर येथें समाधानकारक मिळतें.

परंतु सर्वच हद्दी अशा नव्हत्या. १९९८ सालीं मायकेल डार्डिया या अभ्यासकानें कॅलिफोर्नियांतील एका सार्वजनिक धोरण-संस्थेसाठीं अनेक हद्दींची त्यांच्यासारख्याच पण हद्दीबाहेरच्या भागांशीं तुलना केली. मंडळांनीं जेवढा वाढावा घेतला त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक एवढीच वाढ त्यांच्या कामामुळें झाली असावी, असा त्याचा निष्कर्ष निघाला. उरलेली वाढ कशीही झालीच असती. म्हणजे तो कर वस्तुतः शाळा, जिल्हा व इतर मंडळें यांचा होता. उद्यानाच्या हिशेबांत दीडशें वर्षांपूर्वीं जो रकाना रिकामा राहिला होता, तो या अभ्यासानें भरून दाखविला.

शेवटचा अंक घडला तो राज्य कर्जांत बुडालेलें असतांना. २०११ च्या जानेवारींत जेरी ब्राऊन दुसऱ्यांदा गव्हर्नर झाले, तेव्हां अंदाजपत्रकांत सुमारें २,५०० कोटी डॉलरची तूट होती. हे ब्राऊन १९९९ ते २००७ या काळांत ओकलंड शहराचे महापौर होते, आणि त्या शहराच्या मध्यभागीं नवी वस्ति आणण्यासाठीं त्यांनीं नवरचनेच्या साधनांचा भरपूर उपयोग केला होता. महापौराच्या आसनावरून जी नदी वाहतांना दिसली, तिच्यांतील पाणी कोणाच्या विहिरींतून येत होतें हें गव्हर्नराच्या आसनावरून दिसलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांनीं मंडळें बंद करण्याची सूचना मांडली, आणि जूनमध्यें कायदेमंडळानें दोन कायदे केले. पहिल्यानें सर्व मंडळें बरखास्त केलीं. दुसऱ्यानें असें सांगितलें कीं, जें गांव शाळा वगैरेंसाठीं ठरलेली रक्कम दरवर्षीं देईल त्याचें मंडळ जिवंत राहील.

नगरसंस्था व मंडळें न्यायालयांत गेलीं. त्यांच्या हातांत एक मोठें शस्त्र होतें. आदल्याच वर्षीं, २०१० सालीं, त्यांनीं खटपट करून मतदारांकडून बाविसावा प्रस्ताव संमत करून घेतला होता, व मंडळांचा पैसा राज्यानें आपल्या कामासाठीं मागूं नये, असें त्यामुळें घटनेंत नमूद झालें होतें. २९ डिसेंबर २०११ रोजीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. घटनेप्रमाणें राज्याला मंडळांकडून पैसा मागतां येत नाहीं, सबब दुसरा कायदा रद्द. परंतु कायदेमंडळानें जी संस्था निर्माण केली ती मोडण्याचा अधिकार कायदेमंडळाला आहेच, सबब पहिला कायदा कायम. मंडळांनीं आपल्या रक्षणासाठीं जी ढाल घडविली होती, तिनेंच त्यांची सुटकेची वाट अडविली. १ फेब्रुवारी २०१२ रोजीं राज्यांतील सर्व नवरचना मंडळें संपलीं. जुनें कर्ज व केलेले करार पुरे करण्यापुरते वारस नेमले गेले. मिशन बेचें काम त्यामुळेंच पुढें चालूं शकलें. बाकीचा वाढावा हळूहळू शाळा, जिल्हे व नगरसंस्था यांच्याकडे परत वाहूं लागला. स्वस्त घरांसाठीं राखलेला पांचवा हिस्साही त्याबरोबरच नाहींसा झाला, आणि ज्या राज्यांत घरांची टंचाई तीव्र होती तेथें ही उणीव फार जाणवली.

युक्ति मात्र मेली नाहीं. इलिनॉय राज्यानें तिचा कायदा १९७७ सालीं केला होता, आणि १९८४ सालीं शिकागो शहरानें आपली पहिली हद्द आंखली होती. अमेरिकेंतील बहुतेक सर्व राज्यांत ती या ना त्या रूपानें शिरली. खुद्द कॅलिफोर्नियानेंही २०१४ सालीं तिला नव्या वेषांत परत बोलाविलें. पण या वेळीं अट निराळी होती. शाळांच्या वांट्याला हात लावावयाचा नाहीं, आणि जिल्हा किंवा इतर मंडळें यांचा वाढावा त्यांनीं स्वखुशीनें दिला तरच घ्यावयाचा. या अटीमुळें नव्या हद्दींचें उत्पन्न पूर्वींच्या मानानें बेताचें झालें, अशी नगरसंस्थांची तक्रार आहे. ती खरीही आहे. परंतु जुनें उत्पन्न मोठें दिसत होतें, तें दुसऱ्यांना न विचारतां घेतल्यामुळेंच ना?

साठ वर्षांच्या या इतिहासांतून युक्ति चांगली कीं वाईट, असा एकेरी निवाडा निघत नाहीं. ओसाड यार्डावर शहर वसविण्यास ती उपयोगी पडली, आणि नांदत्या आळीवर नांगर फिरविण्यासही तीच कामीं आली. निवाडा निघतो तो तिच्या वापराच्या रीतीविषयीं. उद्यांचें उत्पन्न आज खर्चावयाचें तर तें उत्पन्न खरोखर या खर्चामुळेंच होणार आहे काय, हें आधीं पडताळावें. त्यांत ज्यांचा ज्यांचा वांटा आहे त्यांची संमति घ्यावी. कर्ज केव्हां फिटणार याची तारीख पहिल्याच दिवशीं लिहून ठेवावी. आणि हद्दीच्या रेषेच्या आंत जीं माणसें राहतात त्यांचीं नांवें नकाशावरील घरांच्या आंकड्यांइतक्याच काळजीनें मोजावीं. सॅक्रॅमेंटोच्या मतदारांनीं १९५४ सालीं जो नकार दिला, तो बरोबर होता कीं चूक, याबद्दल मतभेद होऊं शकेल. पण त्यांना विचारलें गेलें होतें, आणि नंतर त्यांच्या उत्तराला बगल देण्यांत आली, याबद्दल मतभेद होण्याचें कारण नाहीं. घरपट्टीच्या पावतीवर आंकडा पूर्वींचाच राहिला म्हणून आपल्याकडून कांहीं घेतलें गेलें नाहीं, असें समजणाऱ्या नागरिकानें तो पैसा पावतीनंतर कोठें जातो, एवढें तरी विचारण्याची संवय ठेवावी. कॅलिफोर्नियाच्या करदात्यांना हा प्रश्न सुचावयास साठ वर्षें लागलीं.